डोईवरची पांढरी बट

आजवर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. लोकांना तोंडावर ढोंगी म्हटलं, भित्रे म्हटलं. हे मात्र कुठं लिहिलं नाही, कुणापाशी बोललो नाही — आईशीसुद्धा नाही, आणि तिला तर सगळं ठाऊक आहे. तुम्हांला सांगतो. अडखळेन. कुठून सुरू करू?

डोक्यापासूनच करतो.

आमच्या आळंदच्या मित्रमंडळींत पुढची डोई भादरून घेणारा मी एकटाच. बाकीच्यांनी शेंड्या कापल्या, केस राखले, भांग पाडले. आणि बाजारात उभा राहून ‘जुनं फेका’ म्हणून ओरडणारा मी — टोपी काढली की तुळतुळीत माथा, मागं शेंडी. ते चिडवायचे, "काय पुढारी, सुधारणा टोपीखाली शिरायला तयार न्हाई व्हय?" मी म्हणायचो, डोकं आतून बदलावं लागतं. टाळी मिळायची.

खोटं होतं ते. माझ्या कपाळाच्या वर, बरोबर मधोमध, जन्मापासून पांढऱ्या केसांची बट आहे. वडिलांना होती. आजोबांनाही होती, असं आई सांगते. तिघांनीही ती वस्तऱ्याखाली दडवली. लोक कोड म्हणतील, सोयरिकी तुटतील — एवढंच कारण. मल्लप्पा न्हावी दर सोमवारी येतो. त्याला आणि आईला माहीत. तिसऱ्या कुणाला नाही, असं मी धरून चाललो होतो.

कोड आलेल्या बाईला घराबाहेर काढणाऱ्यांवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. निजामाच्या मोगलाईत ते कोण छापणार? सोलापुरात छापून घेतलं, तुरीच्या पोत्यांत घालून इकडं आणलं. त्याच छापखान्यात एक पुस्तिका हाती लागली — आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात, यावर. वाटाण्याची झाडं, जांभळी फुलं, पांढरी फुलं. किती साधा हिशोब! प्रत्येक गुणाचं एक बीज आईकडून येतं, एक बापाकडून. काही गुण दबून राहतात, पिढी गाळून नातवंडांत उगवतात. काही जोरकस — जोडीतलं एकच बीज असलं तरी दिसणारच. असा गुण पोराच्या अंगावर आला, तर तो आईच्या नाहीतर बापाच्या अंगावर असतोच. आणि जोरकस गुणांच्या उदाहरणांत, अगदी शेवटी — कपाळावरची पांढरी बट.

मी टोपी खाली ओढली. छापखान्यात कुणी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

पुढच्याच साली मालनला, माझ्या बायकोला, मुलगी झाली. मालन खजुरी गावची. सुईणीनं पोर उजेडात आणली. काळंभोर जावळ, आणि मधोमध चुन्याचं बोट ओढावं तशी ती बट. माझा हात टोपीकडं गेला. कशानं? पोरीच्या काळजीनं? छे — चारचौघांत कुणीतरी माझी टोपी उडवली, असं वाटलं. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत बाळंतिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बया! तुमच्याकडलं कोड आमच्या घरात आणलीस व्हय गं?"

मी बोललो का? नाही.

बातमी खजुरीला पोचली. मालनच्या धाकट्या बहिणीचं, भागूचं, लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी मोडलं. मग मालनचे अप्पा आले. आमच्या ओसरीवर गावची चार जाणती माणसं बसली, आणि त्या वयोवृद्ध माणसानं माझ्यापुढं हात जोडले. "जावईबापू, तुमी शिकलेले. आमच्याकडं कुणालाच हे न्हाई. तुमीच सांगा, कुठून आलं?"

उत्तर टोपीखाली होतं. भादरून दोन दिवस झाले होते. टोपी काढली असती तर पांढरे खुंट सगळ्यांना दिसले असते. मी काय केलं असेल?

मी शास्त्र सांगितलं. हो, शास्त्र! वाटाण्याची झाडं सांगितली. "काही गुण दबून राहतात, अप्पा. चार पिढ्यांनी वर येतात. तुमच्याकडं मागं कुणाला असंल, तुमाला ठाऊक नसंल." एकेक वाक्य पुस्तिकेतलं. वाटाण्याच्या पांढऱ्या फुलाबद्दल खरं — त्या बटेबद्दल धडधडीत खोटं. आणि ते खोटं आहे हे ओळखण्याइतकं शिकलेला त्या ओसरीवर मी एकटाच होतो. माना डोलल्या. अंगारे देणाऱ्या भोंदूंना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्यांतल्या काहींचा निदान स्वतःच्या अंगाऱ्यावर विश्वास असतो. माझा कशावर होता?

कोपऱ्यात मल्लप्पा बसला होता. तो जमिनीकडं बघत राहिला.

"असंल," अप्पा म्हणाले. लेक आणि नात घेऊन जायचं ठरलं.

बैलं जुंपेपर्यंत मालन लुगडी बांधत होती. मी आत गेलो — कशाला गेलो, देव जाणे. तिनं मान वर न करता विचारलं, "पहिल्या दिवाळीला तुमच्या डोईला तेल कुणी चोळलं? मला काय दिसलं न्हाई व्हय?"

तिला माहीत होतं! दाराआड उभी राहून तिनं वाटाणे ऐकले होते, चार पिढ्या ऐकल्या होत्या. एका शब्दात तिला मला उघडं पाडता आलं असतं.

"मग बोलली कामून न्हाईस?" लाज वाटते, पण मी उलट तिलाच विचारलं.

"तुमी बोलताव का, ते बघायलते."

गाडी गेली. पुढच्या सोमवारी मल्लप्पानं वस्तरा लावता लावता एवढंच म्हटलं, "लई भारी सांगितलाव त्या दिशी." त्याच्या हातात माझं डोकं होतं.

पाच वर्षं झाली. मी आणायला गेलो नाही. कोडावरचं पत्रक मी दुसऱ्यांदा छापलं. भागूचं लग्न अजून झालेलं नाही.

मागच्या महिन्यात आळंदच्या बाजारात मी बोलत होतो. गर्दीत अप्पा दिसले, त्यांचं बोट धरून एक पोर. केस चापून विंचरलेले, आणि पांढरी बट वेगळी काढून तांबड्या फितीनं वर बांधलेली — दुरून दिसावी अशी. मालननंच बांधली असणार. पोरगी माझ्या टोपीकडं बघत होती. मी भाषण पुरं केलं.

परवा सोमवार होता. मल्लप्पा आला. मी पाटावर बसलो, टोपी काढली, आणि मान खाली घातली.