पत्रूचे बावीस शिष्य

पत्रूनं उजगरे साहेबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा साहेब मोहाच्या झाडावर होते.

साहेब म्हणजे रेव्हरंड सत्यवान उजगरे. मूळचे नगरकडचे, मुक्काम नागपूर, वजन एका पोसलेल्या रेड्याइतकं. चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रात, अगदी सकाळी, त्यांची जीप चामोर्शीच्या रस्त्यावर बंद पडली. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला आणि साहेबांना समोरच्या झाडाखाली अस्वल दिसलं. मोहफुलांच्या दिवसांत अस्वल दिसण्यात नवल नाही, फुलं खायला ती येतातच. नवल यात, की ज्या माणसाला जीपमध्ये चढवायला मागून दोघं लागत, तो माणूस कोट, टाय आणि काळ्या बुटांसकट सरळ खोडावरून वीस फूट वर गेला. पुढं ही कथा गावोगाव फिरली तेव्हा वीस फुटांचे चाळीस झाले आणि एका अस्वलाची तीन झाली. मार्कंड्याच्या जत्रेत तर एकानं शपथेवर सांगितलं, की साहेबांच्या वजनानं झाड वाकलं आणि अस्वल बिचारं खाली चेंगरून मेलं.

खरी गोष्ट अशी, की अस्वल नव्हतंच. कोसमटोल्याचा मुखरू काळी घोंगडी पांघरून, ओणवा होऊन फुलं वेचत होता. वरून "हाड! हाड!" ऐकू आलं तसा तो हादरला. झाडातला देव कोपला असं समजून त्यानं तिथंच लोटांगण घातलं. आता अस्वल दबा धरून बसलं, असं साहेबांना वाटलं आणि ते आणखी एक फांदी वर गेले.

तेवढ्यात सायकलवरून पत्रू आला.

"उतरा जी साहेब," तो वर पाहून म्हणाला. "हा मुखरू होय. चावत नाई."

मुखरूनं हळूच मान वर केली. "पत्रू, मोह पेलो मी, अन झाडावर हा काऊन चढला गा?"

चढायला साहेबांना एक मिनिटही लागलं नव्हतं. उतरायला दुपार झाली. शेवटी पत्रूनं तणसानं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं, भरलेली बैलगाडी झाडाखाली लावली आणि साहेब परमेश्वराचं नाव घेऊन पडले. केसांत तणस, टाय पाठीवर, अशा अवस्थेत त्यांनी विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

बाळ त्रेचाळीस वर्षांचा होता. "पत्रू. पण चर्चमधी पेत्र."

पत्रूचा बाप चांद्याच्या मिशन कंपाउंडात माळी होता. तिथल्या पाद्र्यानं पोराचं नाव मोठ्या हौसेनं पेत्र ठेवलं. बाप कुटुंब घेऊन कोसमटोल्याला परतला आणि आठवड्याभरात गावानं पेत्राचा पत्रू केला. यांनी धर्म बदलला हे गावाला बरीच वर्षं कळलंच नाही. साहेबांना मात्र पेत्र म्हटल्याबरोबर बारा शिष्यांचा पुढारी आठवला. त्यांचे डोळे भरून आले. काही पाणी भक्तीचं होतं, काही तणसाच्या कुसळाचं. "ही खूण आहे," ते म्हणाले. पत्रूनं आजूबाजूला पाहिलं. त्याला फक्त मुखरू दिसला.

पण पत्रूलाही एका खुणेची गरज होती. कोसमटोल्यात कवेलूंचं, म्हणजे कौलारू, एक प्रार्थनाघर होतं आणि मंडळीत सात माणसं. त्यातला सगळ्यात तरुण तो स्वतः. दोघांना ऐकू येत नव्हतं. सुगंधाबाई नावाची म्हातारी प्रत्येक गीताचं दुसरं कडवं, बाकीचे चौथ्यावर पोचले की, मोठ्यानं सुरू करायची. पत्रूला मूलबाळ नव्हतं. दर रविवारी दार उघडून, झाडून, घंटा वाजवताना त्याच्या मनात एकच प्रश्न यायचा: आपल्यामागं हे दार कोण उघडील?

साहेबांकडे उत्तर तयार होतं. बरेच दिवस ते डोक्यात घेऊन साहेब हिंडत होते. झाडावरून पडल्यावर ते जागच्या जागी बसलं. तरुणांसाठी एका वर्षाचं 'शिष्यत्व प्रशिक्षण'. एकत्र राहायचं, शास्त्र शिकायचं, कष्ट करायचे, आजाऱ्यांची सेवा करायची आणि मग आपापल्या गावी जाऊन दिव्यासारखं जळायचं. सुरुवात कोसमटोल्यात, जबाबदारी पेत्राची. तांदूळ नागपूरचं मंडळ पाठवील. बारा तरुण जमवायचे. मंडळाच्या तपासणीपर्यंत त्यातले पाच जरी टिकले तरी केंद्र कायमचं होईल, नाहीतर... नाहीतरच्या पुढं साहेब बोलले नाहीत. नगरकडची माणसं सभ्य.

सातवी पास पत्रूला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच काही सोपवलं होतं. तो सायकल घेऊन निघाला. चामोर्शी, घोट, पार मुलचेऱ्यापर्यंत. गोंडांच्या टोल्यावर गेला, बौद्धांच्या वस्तीत गेला, कुणब्यांच्या ओसरीवर बसला. सगळीकडे तेच सांगितलं. अडचण एवढीच, की 'शिष्यत्व' हा शब्द झाडीपट्टीच्या जिभेसाठी घडवलेलाच नव्हता. पत्रूच्या तोंडून तो 'सिस्यवत', 'सिस्यत्ती' असा काहीतरी निघायचा. आणि ऐकणाऱ्यांच्या घरात त्या काळी या जातीचा एकच शब्द ओळखीचा होता: शिष्यवृत्ती. सरकार देतं ती. त्याच्यापुढं 'ट्रेनिंग' लागलं म्हणजे प्रश्नच मिटला. ट्रेनिंग झालं की माणूस मास्तर होतो, नाहीतर फॉरेस्ट गार्ड. ट्रेनिंग करून नुसता चांगला माणूस होतो, हे त्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं.

आषाढात बावीस जण आले.

पत्रूची बायको अंजनाबाई चुलीजवळून उठून दारात आली, तिनं डोकी मोजली आणि कमरेवर हात ठेवला. "बारा सांगतले होते न जी? येशूले बारा सांभाळता सांभाळता एक बिघडला. तुमी बावीस आणले!"

"धर्माची भूक आहे वो लोकायले," पत्रू भारावून म्हणाला.

"भूक त दिसूनच राह्यली," अंजनाबाई म्हणाली आणि दुसरं भांडं चढवायला गेली.

प्रत्येकानं दहावीची गुणपत्रिका आणली होती, पास असो की नापास. बहुतेकांनी जातीचा दाखला आणि दोन फोटोही आणले होते. देवाच्या कामाला जातीचा दाखला कशाला, हे पत्रूला जरा खटकलं. पण पोरं काटेकोर आहेत, असं म्हणून त्यानं सगळे कागद नीट बांधून आढ्याला टांगले.

मग शिक्षण सुरू झालं आणि पंधरवड्यात थांबलं, कारण रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आली. पोरं आपापल्या धानाच्या बांधीत गेली. रोवणी आटोपून परत आली तेव्हा बावीसची पंधरा झाली होती. दिवाळीनंतर धानाची कापणी आली. साहेबांनी वेळापत्रक नगरच्या हिशेबानं आखलं होतं, जिथं पोरांना मे महिन्यात सुट्टी असते आणि बाकी वेळ ती रिकामीच असतात. झाडीपट्टीत रोवणी, कापणी, शंकरपटाच्या बैलशर्यती, नाटकं, मोह आणि तेंदू वगळून जे दिवस उरतात, तेवढ्यात शिष्य काय, साधं लोणचंही मुरत नाही.

तरी पत्रू हटला नाही. पोरं असतील तेव्हा तो पहाटे घंटा वाजवायचा. आजाऱ्यांची सेवा म्हणून सगळ्यांना घेऊन मुखरूकडे जायचा, कारण मुखरू नेहमीच आजारी असायचा.

"कोनता रोग हाय भाऊ?" पोरं विचारायची.

"मोहाचा," मुखरू म्हणायचा. "पाय दाबा. पुण्य लागंल."

नाताळला मात्र चमत्कार झाला. बिरजू नावाचा पोरगा दंडारीत, गावच्या लोकनाट्यात, बाईचं काम करायचा. त्यानं मरियेचं सोंग घेतलं. त्याच्या मरियेनं हेरोद राजाला अशा काही शिव्या घातल्या, की आजूबाजूच्या तीन गावांची माणसं ऐकायला लोटली. प्रार्थनाघर गच्च भरलं, खिडकीत माणसं, कवेलूंवर माणसं. पत्रू घंटेजवळ उभा राहून रडत होता. दार उघडायला माणूस मिळणार, असं त्याला त्या दिवशी खरंच वाटलं. कोण, तेही त्यानं ठरवून टाकलं होतं: चैतू.

चैतू गोंडांचा, मुलचेऱ्याच्या पलीकडचा, वीसेक वर्षांचा. बोलायचा कमी. पण रोवणीहून पहिला परत आला तो, कापणीहूनही तोच. पत्रूनं न सांगता तो रविवारी प्रार्थनाघर झाडायचा. घंटेचा दोर झिजला तेव्हा त्यानंच नवा वळून बांधला.

साहेबांची तपासणी फेब्रुवारीत ठरली. आठवडा उरला असताना पत्रू आणि चैतू भिंत सारवत होते. नऊ पोरं टिकली होती आणि पत्रू खुशीत होता.

"मास्तर," चैतू म्हणाला, "ते सिस्यवृत्ती कई येते जी?"

पत्रूचा हात थांबला. "कोनती सिस्यवृत्ती गा?"

"ट्रेनिंगची. बिरजू म्हणते, साहेब घेऊन येते. अन मंग गार्डात लावते."

पत्रूनं शेणमातीचा हात तसाच डोक्याला लावला. सात महिन्यांतली प्रत्येक गोष्ट त्याच्यासमोर उलटी होऊन उभी राहिली. गुणपत्रिका. फोटो. जातीचे दाखले. धर्माची भूक.

अंजनाबाईनं ऐकलं आणि ती मुळीच दचकली नाही. "मले पह्यल्या दिवशीच मालूम होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई वो?"

"तुमी किती खूश होते!" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आताही सांगू नका. साहेब येऊन जाऊ द्या. पाच पाह्यजेत, नऊ आहेत. एकदा पक्कं झालं की मंग सांगा."

सल्ला उत्तम होता. पत्रूनं दोन दिवस तो मनात घोळवला. पण सात महिने तो पोरांना एकच गोष्ट सांगत आला होता, की खोटं बोलू नये; आणि तीच गोष्ट साहेब येईपर्यंत आढ्याला टांगून ठेवणं त्याला जमेना. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यानं नऊही जणांना बसवलं.

"पोरं हो, हे सिस्यवृत्ती नाई. शि-ष्य-त्व." शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून सरळ निघाला. "पैसा नाई. गार्डाची नोकरी नाई. सर्टिफिकेट भेटंल, पण सरकार त्याले पुसत नाई."



"मंग भेटते का जी यातून?" बिरजूनं विचारलं.

"ख्रिस्त."

बिरजूनं विचार केला. "थो त फुकटात भेटते म्हणून तुमीच सांगतलं न मास्तर. मंग सालभर काऊन लागते?"



कुणी भांडलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर पत्रूला बरं वाटलं असतं. सकाळी आपापले कागद सोडून घेतले, चटया घडी करून भिंतीला लावल्या, अंजनाबाईच्या पाया पडले आणि गेले. शंकरपटाचे दिवस होते. मुखरू पारावरून ओरडला, "पत्रू, माहे पाय आता कोन दाबते गा?"

चैतू राहिला.

साहेब आले तेव्हा पत्रूनं त्यांना सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चैतूला विचारलं, "बेटा, सगळे गेले, तू का थांबलास?"

चैतू पायानं जमीन टोकरत राहिला. मग म्हणाला, "दहावी नापासले कुठीच काम नाई जी. अन मास्तर एकटे गातात त लय बेसूर लागते."

साहेबांना इतकं शुद्ध उत्तर सबंध नागपुरात मिळालं नव्हतं. पण मंडळाचा आकडा पाच होता. केंद्र इथं चालणार नाही, ते म्हणाले. जूनपासून नागपुरात सुरू करू, वसतिगृह आहे, मुलंही मिळतील. आणि हा चैतू तिथला पहिला विद्यार्थी. एवढं म्हणताना त्यांचा चेहरा उजळला, कारण त्यांना खरोखरच वाटत होतं की ही आनंदाची बातमी आहे.

चैतूनं पत्रूकडे पाहिलं. नको म्हणा, असं त्या नजरेत होतं, की जाऊ का, असं होतं, ते पत्रूला कळलं नाही. त्याला एवढंच कळलं, की आपण 'राह्य' म्हटलं तर हा पोरगा राहील, आणि सात म्हाताऱ्यांत आठवा होईल.

"माह्याकडं काऊन पाह्यतं?" तो म्हणाला. "जा न बा. नागपूर होय थे."

अंजनाबाईनं चैतूला भात बांधून दिला. जीप या वेळी एका धक्क्यात सुरू झाली.

नागपूरचं केंद्र चाललं. त्याच्या माहितीपत्रकात 'स्थापना : १९८५, नागपूर' असं छापलेलं असतं. चैतू तिथं दोन वर्षं राहिला, मग भिलाईकडे ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. सत्याऐंशीच्या पावसाळ्यात पत्रू हिवतापानं गेला आणि कोसमटोल्यातली रविवारची उपासना बंद झाली.