पमाचं राहिलेलं अनुराधपूर

सुमेधचा फोन आला तेव्हा मी नागपूरला, प्रताप नगरच्या घरी स्वयंपाकघरात उभी होते, सकाळची आठची वेळ. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. खरं तर मी त्याला धीर द्यायला हवा होता. पण तीस वर्षांच्या नोकरीची सवय अशी, की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कधीपासून दुखत होतं तिले?" तो म्हणाला, "तिनं सांगितलंच नाही. चार दिवस पोटात जळजळून राहिलं म्हणे. रश्मीनं सोडा करून दिला, तो प्यायची आणि पडून राहायची." गॅस बंद केला, साडी बदलली, हुडकेश्वरला जायला ऑटो केला, तरी कानात तेच. तिनं सांगितलंच नाही. आज या गोष्टीला सहा आठवडे होत आले. पमा का सांगत नव्हती, हे तिच्या मुलापेक्षा आणि सुनेपेक्षा, रश्मीपेक्षा, मला जास्त माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसले.

पमा म्हणजे प्रमिला गजभिये. नरखेड तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत ती चौथीची बाई होती आणि त्याच्या पुढच्या थांब्यावरच्या सरकारी दवाखान्यात मी सिस्टर. सकाळच्या एसटीत आम्ही जवळजवळ दोन वर्षं एकमेकींकडे बघून नुसतं हसत होतो. मग एके दिवशी बस पंक्चर झाली आणि सगळे उतरून संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी बसले. तिच्या शाळेतल्या दोन मुली त्याच बसमध्ये होत्या. त्यांचा वेळ जावा म्हणून ती त्यांना संघमित्तेची गोष्ट सांगायला लागली. अशोक राजाची मुलगी, बोधिवृक्षाची फांदी सोन्याच्या भांड्यात घेऊन जहाजात बसते आणि समुद्र ओलांडून लंकेला जाते... सांगता सांगता तिचा आवाज असा काही लागला, की चाक बदलणारा कंडक्टरसुद्धा पाना हातात धरून ऐकत राहिला. गोष्ट संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही पायलं का ते झाड?" पमा म्हणाली, "नाही वं. पायीन." त्या दिवसापासून आम्ही एका सीटवर बसायला लागलो. ती मला 'सिस्टर' म्हणायची, ते शेवटपर्यंत. माझं नाव तिनं कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

तिचे वडील विणकर गिरणीत कामाला होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर ते विशीतले होते आणि त्या दिवसाबद्दल ते फार कमी बोलत, असं ती सांगायची. पण घरात शिकायचं मात्र सगळ्यांनी, मुलींनीही. पमा शिकली, नोकरीला लागली, नवरा लवकर गेला तरी मुलाला इंजिनीअर केलं, हुडकेश्वरला प्लॉट घेऊन घर बांधलं. या सगळ्यात स्वतःसाठी तिनं काही मागितल्याचं मला माहीत नाही. फक्त ते एक झाड.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी आम्हाला एका टूरची माहिती कळली. श्रीलंका, त्यात ते झाड असलेलं अनुराधपूर, नऊ दिवस, नागपूरहून बावीस माणसं, बहुतेक सगळी साठीपुढची. पमानं मला विचारलंसुद्धा नाही, दोघींची नावं देऊन आली. टूर नेणारा नितीन नावाचा तरुण होता, वागायला नम्र आणि फार काळजी घेणारा. जायच्या आधी त्यानं सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं आणि दोन तास समजावून सांगितलं. रोजची औषधं मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत, हातातल्या पर्समध्ये ठेवायची, आणि टूरच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जास्त घ्यायची. डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी. नवे बूट घेऊन विमानात बसू नका, आधी महिनाभर घालून चाला. अनुराधपूरला अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी फरशी तापते, शुगरवाल्यांनी मोजे आणावेत. मग त्यानं आरोग्याचे फॉर्म वाटले आणि म्हणाला, "एक विनंती आहे, काही लपवू नका. विम्यासाठी तर पाहिजेच, पण तिथं बावीस जणांमागं मी एकटा आहे. मले माहीत असलं तर मी काही करू शकीन." पमा माझ्या शेजारी बसली होती. तिनं चष्मा लावला आणि सुवाच्य अक्षरात शुगरपुढं 'आहे' लिहिलं, बीपीपुढं 'आहे' लिहिलं. हृदयविकारापुढं 'नाही' लिहिलं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

कारण त्याच्या चार दिवस आधी आम्ही प्रताप नगरच्या बागेत फिरत होतो. दुसऱ्या फेरीला ती थांबली, फाटकाचा गज धरला. कपाळावर घाम आला होता आणि थंडीचे दिवस होते. "जबडा दुखून राहिला," ती म्हणाली. "दाताचं असन." मी तिचं मनगट धरलं. दाताचं नव्हतं. शुगर असलेल्या बायकांना छातीत कळ येतेच असं नाही, जबडा दुखतो, पोटात जळजळतं, नुसता घाम येतो आणि पुष्कळदा त्या ते अंगावर काढतात. हे मी किती जणींना सांगितलं असेल. तिलाही सांगितलं, तिथंच बाकावर बसवून. "आत्ता चाल, कार्डिओग्राम काढू."

"टूरहून आलो की काढू."

"पमा, तिथं काही झालं तर?"

"तर काय वं? तू आहेस ना सोबत." मग हसणं थांबवून म्हणाली, "सिस्टर, सुमेधले सांगशील तर तो मले जाऊ देणार नाही. कोणालेच सांगू नको."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नंतर दोनदा मी विषय काढला, दोनदा तिनं तो टाळला. खरं म्हणजे मी हुडकेश्वरला जाऊन तिच्या समोर बसायला हवं होतं. उद्या तू दवाखान्यात आली नाहीस तर मी सुमेधला सांगेन, असं तिच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. भांडण झालं असतं. चाललं असतं... मी तसं केलं नाही. मी नितीनला फोन केला, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "माझं नाव सांगू नका."

त्यानं नाव सांगितलं नाही. त्यानं फक्त पमासाठी हृदयरोगतज्ज्ञाचं सर्टिफिकेट मागितलं, आणि तेही सुमेधला फोन करून. पण बागेत आम्ही दोघीच होतो, पमाला कळायचं ते कळलं. तपासण्या झाल्या, ब्लॉकेज निघालं, स्टेंट टाकला. पुढचे काही महिने लांबचा प्रवास नको, असं डॉक्टर म्हणाले, आणि सुमेधनं ते 'कधीच नको' असं ऐकलं. घाबरलेला मुलगा होता तो, त्याला दोष देता येत नाही. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा पमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पाय दाबायला लागले तर तिनं पाय ओढून घेतले नाहीत. मग म्हणाली, "तू जाऊन ये. दोघींनी काहून मागं राहायचं?"

आणि मी गेले. हे लिहायलाही जड जातं, पण गेले. अनुराधपूरला, त्या झाडाखाली, आमच्यातले वर्ध्याचे एक काका तापलेल्या फरशीवर कोसळले. उपाशीपोटी इन्सुलिन घेतलं होतं, दर्शनाच्या घाईत खाल्लं काहीच नव्हतं. नितीननं त्यांना सावलीत घेतलं, मी ग्लुकोज दिलं, गाडी आली. संध्याकाळी ते दवाखान्यातल्या खाटेवर बसून इडिअप्पम, तिथल्या तांदळाच्या शेवया, खात होते. आणि त्या धांदलीत माझ्या मनात काय आलं? पमा इथं असती तर... मी बरोबर केलं. झाडाकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही. सोन्याचे कठडे तेवढे आठवतात.

परत आल्यावर आठवडाभरात तिच्याकडे गेले. ती ताटात तूर डाळ निवडत होती. मी वर्ध्याच्या काकांची गोष्ट सांगितली, जरा जास्तच रंगवून. तिनं सगळं ऐकून घेतलं, खडे बाजूला काढत. मग म्हणाली, "सिस्टर, तिथं जाऊन मरायचं होतं असं नाही मले. तू वाचवलं, ते मले समजते. पण तू मले सांगून करायचं होतं. नितीनले सांगितलं, मले नाही सांगितलं. मी काय लहान पोरगी होती?"

तिनं ताट बाजूला ठेवलं, चहा टाकला, त्यात आलं घातलं, मला आवडतं म्हणून. तिनं मैत्री तोडली नाही, हेच मला जास्त लागलं. ती येत राहिली, फोन करत राहिली, माझ्या नातीच्या लग्नात तीन दिवस राहून राबली. मात्र तिच्या शरीराबद्दल त्या दिवसानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. कुणाशीच नाही. तब्येत कशी आहे विचारलं की "मस्त". गेल्या पावसाळ्यात तिच्या पायावर मला सूज दिसली. मी वाकून बोट दाबून बघायला गेले तर तिनं साडीचा काठ खाली ओढला. "आज तपासायले आली का भेटायले आली?" असं तिनं विचारलं, तेही हसून. मी म्हटलं, "भेटायले." आणि त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं. मला तिला पुन्हा गमवायचं नव्हतं... मी तिच्या दुखण्याची बातमी एकदा बाहेर दिली, त्यातून ती एकच धडा शिकली, की दुखलं तर सांगायचं नाही. आणि मी घाबरून तो धडा पक्का होऊ दिला. नितीनला फोन केल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्या फोननं तिला दोन वर्षं मिळाली. पण तो ज्या पद्धतीनं केला, त्यानं पुढची किती वर्षं गेली, हे मला कुणी सांगू शकणार नाही. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस प्रवासाला निघत असेल आणि काही लपवत असेल, तर जे बोलायचं ते त्याच्यासमोर बसून बोला. एवढंच मला कळतं.

गेल्या आठवड्यात रश्मीनं बोलावलं म्हणून हुडकेश्वरला गेले. पमाची खोली आवरायची होती आणि तिला एकटीला ते जमत नव्हतं. साड्या वेगळ्या केल्या, पुस्तकं बांधली. मग ती भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर काढायला गेली आणि थांबली. "मावशी, हे कायचे आकडे असतील? मले वाटे, नळाचं काही लिहून ठेवते."

रोजच्या चौकोनात, तारखेच्या खाली, पमाचं बारीक, गोल, फळ्यावरचं अक्षर. आधीची पानं उलटून बघितली, मागं त्याच खिळ्याला अडकवलेली आधीच्या वर्षांची कॅलेंडरंही. दहा. दहा. बारा. महिन्यामागून महिने ते वाढत गेलेले. पंधरा, अठरा, बावीस. "सकाळी आई कुठं जात होती का?" मी विचारलं. रश्मी म्हणाली, "कुठंच नाही. गच्चीवर जायची, कपडे पायतो म्हणून. अर्धा-पाऊण तास."

गच्चीवरच्या फेऱ्या होत्या त्या, हे दोघींना एकदमच कळलं. दोन वर्षं, कुणाला न सांगता, कुणाची परवानगी न मागता ती पाय तयार करत होती. कुठं जायला, ते मला विचारायची गरज नव्हती.

शेवटच्या पानावर रश्मीचं बोट पुढं सरकत गेलं. तीस. तीस. तीस. मग बावीस. मग बारा. सात. दोन. पुढचे चौकोन रिकामे होते. मी बोलणार नव्हते, पण तिचं बोट बावीसवर परत आलं आणि तिनं माझ्याकडे बघितलं. "मावशी, इथून सुरू झालं का?"

सोडा तिनंच करून दिला होता. मला खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हटलं. आणि तिचा हात धरला.

मग रश्मीनं कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं, हातानं सरळ केलं. नवा महिना लागून पंधरा दिवस झाले होते. तिनं पान उलटलं नाही.