‘येऊन राहिलो’चा अर्थ

हवालदार शालिकराम त्या दिवशी पळत होता, की लढत होता? या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे. शालिकराम माझा शाळासोबती, म्हणून एकेरी उल्लेख. पुढे मी मास्तर झालो, तो फौजेत गेला. गेल्या महिन्यात तो गेला. नागपुरातल्या जरीपटक्याहून निघालेल्या अंत्ययात्रेत माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणाले, “पदक तं चुकीनंच भेटलं होतं न गा त्याले...” त्याच्या पत्नीच्या, आमच्या वहिनींच्या, कानावरही ते गेले. तेरवीनंतर त्यांनी मला विचारले, “भाऊजी, हे खरंच पळून राहिले होते का? मले तरी सांगा.”

ही कुजबुज मुळात शालिकरामनेच पेरलेली. बर्फातल्या चौकीवर तोफांचा मारा सुरू असताना माघारीचा हुकूम झाला. वायरलेसवर विचारणा होताच तो म्हणाला, “येऊन राहिलो.” आपल्या वऱ्हाडीत याचा अर्थ ‘येत आहे’ एवढाच. पलीकडे मात्र साताऱ्याकडचे सुभेदार होते. हा गडी चौकीवर येऊन तिथेच ठाण मांडून राहिला, असे समजून त्यांनी तसे वर कळवले. “मी पळून राहिलो होतो मास्तर, अन् सरकारले वाटलं लढून राहिलो,” असे सांगून तो स्वतःच आधी हसे.

निवृत्तीनंतर वहिनींचे दुखणे उद्भवले. रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या फेऱ्यांत प्लॉट गेला, मागोमाग राहते घर. पेन्शन औषधांना पुरेना. मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घेऊन हा माणूस हिंगण्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला उभा राहू लागला. शिफ्ट सुटली की कामगार पोरे विचारत, “काहून गा हवालदार, आज नाही पळून राहिला?” तो म्हणे, “गुडघा सुट्टी नाही देत न बाप्पा.” पुढे पाय अगदीच थकला, तेव्हा बाजारातल्या सायकल स्टँडवर बसला. तक्रार मात्र मी कधी ऐकली नाही.

वहिनींचा प्रश्न घेऊन मी त्या सुभेदारांना शोधून फोन केला. ते आता पुष्कळ थकले आहेत. शब्दाचा घोळ त्यांनी मान्य केला. पण पदक त्यावर मिळाले नव्हते, हे ठामपणे सांगितले. शालिकराम खाली आला तेव्हा त्याच्या पाठीवर एक जखमी जवान होता. सुभेदार म्हणाले, “येऊन राहिलो म्हनला. आला खरा, पर ऱ्हायला न्हाई. त्याला ठिवलं आन् दुसऱ्यासाठी फिरून वर गेला.” पुढचेही त्यांनीच सांगितले... तो दुसरा वाटेतच, शालिकरामच्या पाठीवर दगावला होता.

मी हे वहिनींना जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, “त्या दुसऱ्याचं कोणी विचारू नये, म्हणूनच हसत होते तं.”

हे उत्तर मला पुरेसे वाटते. तरीही ज्यांनी तो विनोद ऐकला, पुढे सांगितला, त्यांनी केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. त्याच्या पलटणीतले सोबती अजून हयात आहेत. त्यांना विचारावे, आणि स्वतः पडताळून पाहावे.