पितृपक्षातले रुपये

पितृपक्षात महाल भागातल्या मधुसूदनकाकांच्या सराफी दुकानात एकच गिऱ्हाईक हमखास यायचं, ते म्हणजे सरिता. त्या दिवसांत सोनं-चांदी घरात आणू नये अशी लोकांची समजूत, म्हणून सारी गल्ली ओस पडलेली. सरिताच्या घरात हे केव्हाच सुटलं होतं. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच पितर आणि श्राद्धं मागे पडली.

"या मॅडम," काका म्हणायचे, "तुमच्यामुळं बोहनी तरी होते. नाहीतर पंधरा दिवस मी अन् हा पंखा."

ती घ्यायची जुने चांदीचे रुपये, आणि तेही झिजलेले. हजारो हातांतून फिरून राणीचं नाक गेलेलं, राजाची दाढी सपाट झालेली. चांगल्या चेहऱ्याचा रुपया शौकीन लोक जास्त पैसे देऊन नेतात. झिजलेल्याला फक्त वजनाचा भाव. आणि पितृपक्षात काका त्यावर आपला नफाही फार लावत नसत. एका वर्षी दोन, एखाद्या वर्षी चार, जसं जमेल तसे. रुपये ती लेकीच्या, श्वेताच्या, शाळेतल्या जुन्या पायमोज्यात ठेवायची, म्हणजे वाजत नसत.

हा नाद वडिलांमुळे लागला. धोंडबांनी गिरणीतल्या नोकरीत पोटाला चिमटा काढून पोस्टात पैसे टाकले होते. टाकले तेव्हा तेवढ्यात शहराबाहेर बेशाला प्लॉट आला असता. हातात आले तेव्हा त्या प्लॉटची कुंपणाची भिंतही झाली नसती. "पैसा कुठं गेला बाई? मी तर एक रुपया खर्च नाही केला," असं ते शेवटपर्यंत विचारत राहिले. सरिता बी.कॉम. झालेली, कॉलेजच्या ऑफिसात कारकून. महागाई म्हणजे काय ते तिला परीक्षेत लिहिता आलं होतं. वडिलांना समजावता आलं नव्हतं.

वीज मंडळात असलेला तिचा नवरा प्रीतम तिची थट्टा करायचा. "काय म्हणते तुझी राणी? झोपली का मोज्यात?"

"झोपू दे. वेळेवर उठंल."

ती वेळ यंदा आली, नेमकी पितृपक्षातच.

श्वेताने लॅबचा कोर्स केला होता. दोन वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून काढून ती कंटाळली होती. बेशात त्यांच्याच बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक गाळा रिकामा झाला. सॅम्पल घ्यायचं छोटं सेंटर तिथे टाकायचं, एका मोठ्या लॅबशी बोलणंही झालं होतं. मालक टोकन घ्यायला तयार नव्हता. पूर्ण डिपॉझिट आणा आणि चावी न्या, म्हणाला.

"आई, तुझे रुपये काढ ना," श्वेता म्हणाली. "मी फिटवीन."

सरिता दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून हाफ डे घेऊन महालात गेली. काकांनी रुपये काट्यावर ठेवले, बोटांनी उलटेपालटे केले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"आता देऊन राहिल्या का? घेतो मी, पण आटवायच्या भावानं, म्हणजे वजनाच्याही खाली. गल्ल्यातच काही नाही या दिवसांत. माझं ऐकाल तर धनतेरसले आणा. तेव्हा लोक पूजेले जुना रुपयाच मागतात, तोंड झिजलेलं असलं तरी. वजनाच्या वर भाव देतो. अन् चांदी तर चढूनच राहिली."

सरिताने रुपये पुन्हा मोज्यात भरले. इतकी वर्षं ज्या दिवसांत स्वस्त घेतलं त्याच दिवसांत स्वस्त विकायचं, हे तिच्या मनाला पटेना. श्वेताला तिने सांगितलं, "धनतेरसपर्यंत थांब."

"अन् कोणी घेतला तर?"

"पितृपक्षात कोण घेते वं गाळा? लोकं चप्पल घेत नाहीत नवी. मंग नवरात्र, मंग दसरा. दिवाळीआधी कोणी हलत नाही."

"तू हललीच ना दरवर्षी," श्वेता म्हणाली.

सरिताने ते ऐकलं आणि कुकरच्या शिट्या मोजायला आत गेली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी ती कामावरून परतली तर गाळ्याचं शटर वर होतं. आत एक माणूस भिंतीला गुलाबी रंग देत होता. दारात प्रेमिला उभी होती, विहारात दर पौर्णिमेला भेटणारी, खीरदानाला साखर कमी पडली की धावत जाऊन आणणारी.

"अवं सरिता, ये ना! तुले सांगाचंच राहिलं. सुनेसाठी पार्लर टाकून राहिलो. दसऱ्याले दीक्षाभूमीवरून आलो की उद्घाटन. तू पाह्यजेस."

"पितृपक्षात घेतला गाळा?"

"मंग? आपल्याले कायचा पितृपक्ष?" प्रेमिला हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का, मी वाटच पाहून होती. या दिवसांत मालकाकडं कोणी फिरकत नाही. डिपॉझिट कमी करा म्हटलं, करून टाकलं बिचाऱ्यानं."

रागवायला जागा नव्हती. सरिता म्हणाली, "छान झालं." जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हे पंधरा दिवस आपल्या एकटीचेच आहेत.

श्वेताने आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. तिने जेवण वाढून घेतलं, चिंचेच्या सारात भात कालवला आणि म्हणाली, "सावनेरला एका लॅबमध्ये जागा आहे. पगार बरा आहे. सकाळी साडेसहाला पोचावं लागते."

"सावनेर? रोज? आपण दुसरा गाळा पाहू ना."

"पाहिले मी. रस्त्यावरचे परवडत नाहीत अन् आतले कोणाले दिसत नाहीत. थांबून थांबून थकली मी, आई."

प्रीतमने तिच्या पानात आणखी भात वाढला. त्या दिवशी त्याने राणीचं नाव काढलं नाही.

धनत्रयोदशीला महालात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. चांदी चढली होती, आणि नाक नसलेल्या राणीलाही लोक वजनाच्या वर पैसे मोजत होते. "सांगतलं होतं ना मॅडम?" काका गर्दीतून ओरडले. सरिताने मान हलवली. हिशेबात ती कुठेच चुकली नव्हती. तिने सगळे रुपये दिले, पाकीट छातीशी धरून घरी आली आणि श्वेतापुढे ठेवलं.

"घे. तुझेच आहेत."

श्वेताने पाकिटाकडे बघितलं. "पहिल्या बसनं सावनेरला गेली तरी उशीर होते मले. रोज बोलणी खाते. मी स्कूटी घेऊ?"

सावनेरचा रस्ता सरिताला माहीत होता. कोळशाचे ट्रक, पहाटेचं धुकं, कडेला सांडलेली काळी भुकटी. तिच्या जिभेवर "थांब" आलं. कार्तिकात नवीन मॉडेल येतील, भाव उतरतील, थंडी सरू दे, असं बरंच काही आलं. ती म्हणाली, "घे."

आता रोज ती श्वेताच्या आधी उठते. डबा भरते, हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघते.

"आई, गळा दाबशील," श्वेता म्हणते.

"खापरखेडा गेलं की मेसेज कर."

"गाडी चालवता चालवता?"

"मंग पोचल्यावर कर."

स्कूटी वळणावर दिसेनाशी होते. सरिता गॅसवर चहा ठेवते आणि मोबाइल ओट्यावर, पाणी उडणार नाही असा, स्क्रीन वर करून ठेवते. चहा उकळून आटतो. प्रीतम उठून विचारतो, "आला का?"

"नाही अजून," ती म्हणते आणि पातेल्यात आणखी थोडं पाणी घालते.