ज्या चौकटीत आकडा नव्हता

ती घटना आठवली की आजही माझे दात आपोआप आवळले जातात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, बायको म्हणते जुनं उगाळत बसू नका. तरी लिहितोच. कोणाचं नाव घेणार नाही.

मी तेव्हा भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एप्रिलमधला सोमवार. संध्याकाळी पाचच्या सुमारास पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला. सेक्टर १० मधल्या क्वार्टरमध्ये राहणारा, कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासणारा तंत्रज्ञ, मूळचा भंडाऱ्याकडचा. माझंही घराणं तिकडचंच, म्हणून मुन्शीनं, म्हणजे ठाण्याच्या कारकुनानं, त्याला सरळ माझ्यासमोर आणून बसवलं.

त्यानं खिशातून दोन कागद काढले. पहिल्यावर वेळा होत्या. सकाळी दहा वीसला शेजारणीनं फाटकाशी पाहिली. दोन चाळीसला तो ड्यूटीवरून परत, घराला कुलूप. मोबाइल घरातच. मधुमेह आहे, इन्सुलिन फ्रिजमध्ये. दुसरा कागद म्हणजे भिलाईचा हातानं काढलेला नकाशा. पेन्सिलीनं चौकटी पाडलेल्या आणि चौकटीत शून्य ते दहामधला एक आकडा. बायको तिथं असण्याची शक्यता किती, त्याचा.

"भांडण झालं होतं?" मी विचारलं.

"नाई साहेब. दीड वर्षापासून घरात बोलणंच कमी आहे. पोरगा अपघातात गेला तेव्हापासून."

हे त्यानं यंत्राचा आकडा वाचून दाखवावा तसं सांगितलं. मी 'गुम इन्सान', म्हणजे बेपत्ता व्यक्ती, अशी नोंद ठाण्याच्या रोजनामच्यात करून घेतली, वायरलेसवर वर्णन दिलं, इस्पितळांत माणूस पाठवला. पण मनात काहीतरी खुपलं होतं. बायको हरवलेला माणूस टेबलावर हात आपटतो, रडतो, आम्हाला शिव्या घालतो. हा नकाशा घेऊन आला होता.

मंगळवारी सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "साहेब, त्या बाईचं नवऱ्यानंच काहीतरी केलं. पोराच्या मयतीतबी यानं टिपूस नाई काढलं. आठ दिवसांत पोराचे कपडे वाटून टाकले. असा माणूस काय नाई करू शकत?"

मला हवं होतं तेच मिळालं. खात्यात मी थंड डोक्याचा अधिकारी म्हणून ओळखला जायचो आणि त्याचा मला अभिमान होता. मी ओळीनं मांडणी केली. फोन घरात, म्हणजे कोणीतरी मुद्दाम ठेवला. वेळापत्रक तयार, म्हणजे आधीपासून विचार केलेला. चेहऱ्यावर दुःख नाही, म्हणजे दुःख नाहीच. सेक्टरच्या चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवायचं पत्र सहीसाठी टेबलावर आलं होतं. ते मी बाजूला सारलं. आधी हा माणूस, मग बाकीचं.

दुपारी त्याला बोलावून घेतलं. तीन तास उभं ठेवलं. प्रश्न तेच, फिरवून फिरवून. उत्तरं तीच, मिनिटाचाही फरक नाही. त्यामुळं माझा संशय आणखी वाढला, कारण खरं बोलणारा माणूस थोडा तरी चुकतो, असा माझा अनुभव.

"पोराचे कपडे आठ दिवसांत का वाटले?"

"ते घरात असले की ती जेवत नव्हती. वाटले तर जेवन, असं वाटलं."

"आणि जेवली?"

"नाई."

"मग तू रडला का नाहीस?"

"दोघंबी रडलो असतो तर तिची शुगर कोण पाहणार होतं?"

या उत्तरावर मी त्याच्या कानाखाली वाजवली. लिहिताना लाज वाटते. मला ते उत्तर उद्धट वाटलं होतं. त्यानं चष्मा सरळ केला आणि विचारलं, "यानं ती सापडन काय, साहेब?"

संध्याकाळी त्याला सोडलं आणि घरावर साध्या कपड्यातला शिपाई बसवला.

बुधवारी सकाळी पुन्हा बोलावलं. या वेळी खोलीत आमची एक महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, होती, राजनांदगावकडची, नोकरीत जेमतेम दोन वर्षं झालेली. मी पहिला प्रश्न विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "सर, इनके पैर देखे आपने?"

मी पाहिले. चपलेच्या पट्ट्याखाली फोड फुटून कातडी लोंबत होती. घोट्यापर्यंत लाल मुरुमाची धूळ. साध्या कपड्यातल्या शिपायाला बोलावलं तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं की हा माणूस उजाडल्यापासून रिसालीच्या गल्ल्या पायी हिंडत होता, हातात कागद घेऊन. ही गोष्ट त्याला कळवण्यासारखी वाटली नव्हती, कारण आम्हाला हा पळून जातो का, एवढंच पाहायचं होतं.

त्या मुलीनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नकाशा मागितला. बहुतेक सगळ्या चौकटींवर शोधून झाल्याच्या खुणा होत्या. आकडेही होते. एक चौकट मात्र कोरी होती. नेहरू नगरच्या पुढचं, महामार्गालगतचं वळण.

"अंकल, यहाँ नंबर क्यों नहीं लिखा?"

"तिकडं काम नाई."

"काम नहीं है तो शून्य लिखते. दूसरी जगह तो शून्य लिखा है."

त्याचा हात कागदावर होता. तो सरकवून त्यानं ती कोरी चौकट झाकली.

"तिथं पोरगा गेला," तो म्हणाला. "काल त्याचा जन्मदिवस... नाई, सोमवारी. सोमवारी होता."

मी गाडी काढायला ओरडलो. वळणाजवळ रस्त्याच्या खाली कोरडा नाला आहे, बेशरमाच्या झुडपांनी भरलेला. झुडपांच्या वर, दगडाशी, सुकलेली शेवंतीची फुलं होती. खाली ती. चक्कर येऊन घसरली होती, उजवा पाय मोडलेला, जखमेवर माशा. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस. श्वास चालू होता.

ती वाचली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांना मी विचारलं, मंगळवारी आणली असती तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तर बहुतेक वाचला असता." चौकातल्या कॅमेऱ्यात ती ऑटोत बसताना स्पष्ट दिसत होती. ऑटो नेहरू नगरकडे वळत होता. दहा मिनिटांचं काम होतं.

जबाब घ्यायला मी स्वतः इस्पितळात गेलो. नवरा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. मी दोघांची माफी मागितली. बाईंचा आवाज क्षीण होता, पण राग कमी नव्हता.

"तुमी दोघंबी सारखेच. डोक्यानंच चालून राहिले. मले शोधाले नकाशा कावून लागते? त्या दिवशी मी कुठं जाईन, हे यायले माहीत नव्हतं काय?"

नवरा म्हणाला, "माहीत होतं. सोमवारीच माहीत होतं. तिथं पाय नाई उचलला."

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळानं मात्र हात मागे केला, आणि त्यानं तो धरला. मी जबाब न घेताच बाहेर आलो.

फोन करणारा शेजारीच निघाला. त्याला बोलावलं तर म्हणाला, "मी तर मदतच केली, साहेब. कोणालेबी तसंच वाटलं असतं." नुसत्या संशयाला कायद्याचं कलम लागत नव्हतं. माझ्यावर खात्याची चौकशी बसली, कारण मी स्वतःच अहवालात थप्पड आणि ते न पाठवलेलं पत्र दोन्ही लिहिलं. ताकीद मिळाली. शेजाऱ्याला तीही नाही. तो आजही त्याच सेक्टरमध्ये पूजेला पुढे बसतो, म्हणे.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नव्या भरतीची मुलं विचारतात. मी त्यांना सांगतो, हिशेबी माणसाला भावना नसतात हे खोटं आहे. त्याच्या भावना तो हिशेब जिथं टाळतो, तिथं सापडतात. आणि चौकशी करणारा हिशेबी असेल तर आधी त्याचाच हिशेब तपासा. त्या मंगळवारी मी तर्क केला असं मला वाटलं होतं. खरं तर मला तो माणूस आवडला नव्हता. तो माझ्यासमोर रडला नाही, याचा मला राग आला होता, आणि त्या रागाला मी एक, दोन, तीन असे क्रमांक देऊन मुद्दे बनवले.

राग अजून आहे. त्या शेजाऱ्यावर आहे, पण जास्त माझ्यावर. आता निदान त्याला राग म्हणतो.