चढले किती, घेतलं कितींनी

दुकानातला माल संपला की फोन करून मागवावा लागतो. किस्से मात्र आपल्या पायानं पायऱ्या चढून येतात! आमच्या चिखलीच्या दुकानात तर ते इतके साठलेत, की त्यांच्यासाठी वेगळं कपाट करावं लागेल. बसा, चहा ठेवलाय. दोन-चार सांगते.

आधी माणसं ओळखून घ्या. मी मोठी सून. शोभा माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघींनी मिळून प्राण्यांच्या सामानाचं दुकान काढलं. कुत्र्यांचे पट्टे, मांजरांचा खाऊ, माशांच्या टाक्या, असं सगळं. गाळा सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा. नारळ फुटतो न फुटतो तोच आबा म्हणाले, "पोळ्यापर्यंत पाहू. नाही जमलं तर गाळा मोबाईलवाल्याले देऊन टाकतो. कुत्र्याले काय, लोक सुतळीही बांधतात!"

मी लगेच देवाला नवस बोलले. शोभा मात्र लग्नाआधी गणिताच्या ट्यूशन घ्यायची. ती म्हणाली, "ताई, अंदाजावर नाही चालायचं. मी मोजणार!" तिनं एक रजिस्टर आणलं, मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'चढले', म्हणजे पायऱ्या चढून आलेले, दुसऱ्या बाजूला 'घेतलं'.

पहिल्या दिवशी 'चढले'चं पान रेघांनी गच्च भरलं. 'घेतलं'च्या खाली तीनच रेघा. त्यातली एक माझ्या सख्ख्या भावाची!

*

"एवढे लोक चढले, मग करून काय राह्यले?" शोभा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येकाला विचारलं, काय पाहिजे. उत्तर कळलं तेव्हा आम्ही दोघी कपाळाला हात लावून बसलो. समोर एसटी स्टँड. निम्मे लोक आम्हाला बसची वेळ विचारायला येत होते!

मी म्हटलं, पाटीच लावू, 'येथे बसची वेळ विचारू नये'.

"हाकलता काऊन, ताई? येऊ द्या ना!" असं म्हणून शोभानं सगळ्या बसच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहिल्या आणि तो कागद चिकटवला दुकानाच्या अगदी मागच्या भिंतीवर. वाचायचा तर पट्टे, वाट्या, घुंगरं यांच्यामधून आत जावं लागे.

तिसऱ्या दिवशी धाडचे एक आजोबा वेळ वाचायला आत गेले, ते पंधरा मिनिटांनी बाहेर आले. तोवर त्यांची बस धूळ उडवत निघून गेलेली. मला वाटलं, आता हे काठीच उगारतात.

आजोबांनी हातातलं घुंगरू कानाशी वाजवून पाहिलं. "गाडी गेली तर गेली बाई, दुसरी येईन. पण माह्या बकरीले हे घुंगरू एक नंबर भेटलं!"

*

मग शोभानं नियम काढला. गिऱ्हाईकानं एक वस्तू घेतली, की तिच्या जोडीची दुसरी विचारायचीच. शाम्पू घेतला तर कंगवा, वाटी घेतली तर खाऊ.

आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी आले. त्यांच्याकडे झिपरा पांढरा कुत्रा आहे, मोत्या. गुरुजींनी शाम्पूची बाटली घेतली. उकाड्यामुळे टोपी काढून हातात धरलेली, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. मी नियमाप्रमाणे विचारलं, "कंगवा देऊ का, गुरुजी?"

गुरुजींनी टोपी घातली. "सूनबाई, थट्टा करून राह्यली का?"

"तुमच्यासाठी नाही हो गुरुजी! मोत्यासाठी!"

"मोत्याचे केस तर उन्हाळा लागला तेव्हाच भादरले."

"मग शाम्पू कोणाले?" शोभानं पलीकडून विचारलं.

गुरुजींनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "आमच्या घरच्या बाईचे केस पाह्यले का, आजकाल कसे चमकून राह्यले? … दे, कंगवाही दे."

*

पुढची पायरी म्हणजे गुण. दहापैकी किती गुण द्याल, असं गिऱ्हाईकाला विचारायचं आणि लिहून ठेवायचं. लोक बिचारे भिडेखातर आठ-नऊ सांगायचे. डोणगावच्या एका शेतकरीदादांनी मात्र खरं उत्तर दिलं. मागच्या आठवड्यात त्यांनी चामड्याचा पट्टा नेला होता.

"दादा, पट्टा कसा वाटला? दहापैकी किती?"

"नऊ."

शोभा खूश. "म्हणजे टिकला ना चांगला?"

"टिकते कायचा! एका रात्रीत अर्धा खाऊन टाकला कुत्र्यानं. उरलेला अर्धाही दुसऱ्या रोजी मागून राह्यला होता. चवीले नऊ!"

*

विक्री वाढेना म्हणून शोभानं माशांची मोठी टाकी दारापाशी आणली आणि समोर दोन स्टुलं ठेवली. लोक बसतील, पाहतील, मोहात पडतील, असा हिशेब. एक जण पडला. जवळच्या कचेरीतले एक क्लार्क. रोज दुपारी डबा घेऊन यायचे, टाकीसमोर बसून जेवायचे आणि जायचे.

"भाऊसाहेब, एक छोटी टाकी घरीच न्या ना," मी म्हटलं.

"वहिनी, डॉक्टर म्हणे शांतपणे मासे पाहत जा, बीपी उतरते. घरी मासे ठेवता येतील, शांतता कुठून आणू?"

चार वाजता एक शाळेतल्या बाई यायच्या. त्याही टाकीसमोर बसायच्या. त्यांचंही तेच. "घरी गेलं की यांची कटकट सुरू होते. म्हणून आधी इथे जरा टेकते."

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. बाई दुपारीच आल्या. स्टुलावर भाऊसाहेब भाजी-पोळी खात बसलेले. "अहो, तुम्ही इथं?" बाईंच्या तोंडून निघालं. तेव्हा कुठे आम्हाला कळलं, की हे नवरा-बायको आहेत!

बाई दुसऱ्या स्टुलावर बसल्या. मग भाऊसाहेबांनी डबा पुढे केला, बाईंनी पोळीचा तुकडा मोडला. उठताना दोघांनी मिळून टाकी विकत घेतली, दोन सोनेरी मासेही घेतले.

"घरी पोचवू का?" शोभानं विचारलं.

"नाही नाही!" दोघं एकदमच ओरडले. "इथंच राहू द्या!"

त्या दिवशी शोभाला रजिस्टरमध्ये नवीन ओळ आखावी लागली. 'विकलं, पण गेलं नाही.'

*

आता माझी लबाडी सांगते. शोभानं भिंतीवर तक्ता लावला होता, कोणी किती विकलं त्याचा. तिची लाल रेघ वर वर चाललेली. माझी हिरवी जमिनीला टेकलेली. "ताई, तुम्ही नुसत्या गप्पा मारता," ती म्हणायची. लागलं हो मला! मोठी जाऊ ना मी.

मग दर दोन दिवसांनी मी पदरच्या पैशानं एकेक पट्टा विकत घेऊ लागले आणि घरच्या कपाटात साड्यांमागे लपवू लागले. हिरवी रेघ जरा हलली. शोभाही म्हणाली, "ताई, सुधारून राह्यल्या तुम्ही!"

एके दिवशी आमच्या ह्यांनी टॉवेल शोधायला कपाट उघडलं. सात पट्टे अंगावर पडले. त्यांनी एकेक पट्टा उचलून पाहिला. "आपल्याकडे कुत्रा नाही. बांधायचं कोणाले?"

मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते टॉवेल मलाच मागतात.

*

पोळा आठवड्यावर आला. आबांचा आमच्या रजिस्टरवर विश्वास नव्हता. त्यांनी बीबी गावचा आपला जुना दोस्त धाडला, किसनराव. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. गिऱ्हाईक बनून जा, सुना कशा विकतात ते पाहा आणि मला सांग, असा डाव. हे आम्हाला अर्थातच मागाहून कळलं.

किसनराव आले. "माह्या कुत्र्याले काही दाखवा."

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"नाव? … वाघ्या."

"रंग?"

"रंग… सकाळी तर पाह्यला होता."

"वजन?" शोभानं पट्ट्याचं माप काढत विचारलं.

"असंल अर्धा क्विंटल!"

शोभानं माझ्याकडे पाहिलं, मी शोभाकडे. त्याच सकाळी कोणीतरी खोक्यात घालून एक तांबडं पिल्लू आमच्या पायरीवर सोडून गेलं होतं. ते काउंटरमागून लडखडत आलं आणि किसनरावांच्या जोड्यावर डोकं टेकून झोपून गेलं. किसनराव पाऊण तास हलले नाहीत. ते जागं होईल म्हणून! जाताना खाऊच्या पाकिटासकट पिल्लूही घेऊन गेले.

दोन दिवसांनी घरी आबांचा फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर नेहमी चालू. पलीकडे किसनराव होते. "आबा, गाळा कोणाले देऊ नोको बे! हा पोट्टा दुसरं काही खातच नाही, तिथलाच खाऊ लागते त्याले."

आबा भडकले. "तुले नुसतं पाह्यले धाडलं होतं ना बे!"

"मी नुसतं पाह्यतच होतो. पण त्यानंही मले पाह्यलं ना!"

आबांनी फोन ठेवला, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पोळ्याला गाळ्याच्या दारावर स्वतःच्या हातानं तोरण बांधलं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. शोभानं रजिस्टरमध्ये रेघ मारली.

*

आता हा किस्सा ऐकाच. सगळी पानं चाळल्यावर शोभाच्या ध्यानात आलं, की आमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे कमलकाकू. दर सोमवारी बाजाराच्या दिवशी यायच्या, मांजराच्या खाऊचं मासोळीचं पाकीट न्यायच्या. एकही सोमवार चुकला नाही.

त्यांच्या मन्याची खडान्‌खडा माहिती आम्हाला होती. "मन्या दिवसभर लोळून राह्यते बाई." "मन्याले आता दिसत नाही बराबर, काल दुधाच्या भांड्यात पाय घातला." "मन्याले लाल पाकीट आवडत नाही, निळंच दे. लाल दिलं तर फुगून बसते."

शोभा म्हणाली, "अशा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मान करायला पाहिजे, ताई." आम्ही घुंगराचा चेंडू घेतला, एक पाकीट भेट म्हणून घेतलं आणि गेलो.

घर एकदम लख्ख. कुठे मांजराचा केससुद्धा नाही. ओसरीत खाटेवर काका पडलेले, पांढरी बनियन, जाड चष्मा. काकू आत चहाला गेल्या होत्या.

शोभानं चेंडू वाजवत विचारलं, "काका, मन्या कुठं आहे?"

काका उठून बसले. चष्मा वर केला. "मन्या? माह्यं नाव मनोहर. शाळेतले दोस्त मन्या म्हणत मले. तुले कोणं सांगतलं?"

आतून कपबशी पडल्याचा आवाज आला.

काकांनी चेंडूकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. जरा पुढे वाकून हळूच विचारलं, "निळंच आणलं ना?"