समोरच्या सोसायटीचा पत्ता

आमच्या गल्लीला पत्ता नाही असं नाही, पण तो आम्ही कुणाला सांगत नाही. उधना स्टेशनच्या मागच्या अंगाला आमची पत्र्याची घरं, मधे रस्ता, पलीकडे गेटवाली सोसायटी. शाळेचा फॉर्म असो की गॅसचं कार्ड, आम्ही बिनदिक्कत सोसायटीचं नाव लिहितो आणि पुढे 'समोर' जोडतो. सगळेच तसं करतात.

मागच्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी मोबाइलवरून एकत्र किराणा मागवायला सुरुवात केली. सगळ्यांची ऑर्डर एकत्र गेली की तेल-साखर स्वस्त पडते. माल मात्र एकाच ठिकाणी उतरतो, तिथून ज्याचा त्यानं न्यायचा. त्या जागेला पॉइंट म्हणतात. आमचा पॉइंट शेजारच्या काकूच्या ओट्यावर, यात वादच नव्हता. काकू धुळ्याकडची. लूमच्या कारखान्यात बॉबिन भरता भरता गुडघे गेले, तेव्हापासून ओट्यावर नुसती बसून. पॉइंट आला आणि ती सकाळी वेणीफणी करून तयार राहू लागली. कुणाची उडदाची डाळ, कुणाचा रवा, सगळं तिला तोंडपाठ. पापडाच्या दिवसांत तर तिच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

गेल्या महिन्यात टेम्पो एकाएकी रस्त्यापलीकडे थांबला आणि माल सोसायटीच्या गेटात उतरला. आम्ही धावलो, तर वॉचमन हात आडवा करून म्हणतो, "बेन, आ तो सोसायटीनो पॉइंट छे. बहारवाळाए बहार ऊभा रहेवानुं."

म्हणजे माल आमचा आणि बाहेर ताटकळायचं आम्हीच! त्यातली एक पिशवीसुद्धा सोसायटीतल्या कुणाची नव्हती. ज्यांच्या घरात किराणा लिफ्टनं वर जातो त्यांच्या दारात पॉइंट, आणि जिला रस्ता ओलांडता येत नाही तिचा ओटा रिकामा. माझं डोकंच फिरलं.

काकूच्या ओट्यावर बसूनच मी कंपनीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला आणि हवं तसं तोंड सोडलं. आमच्या दारात गाडी आणायला तुमची अब्रू जाते का, इथवर बोलले.

फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, पहले ड्राइवर फ़ोन करके आपके यहाँ उतार देता था. अब जो पता फॉर्म में है, वहीं उतरेगा. फॉर्म तो आपने ही भरा है."

मग तिनं पत्ता वाचून दाखवला. सोसायटीचं नाव होतं. पुढे 'समोर'सुद्धा नव्हतं. नकाशावर खूण करतानाही मी बोट नेमकं त्यांच्या गेटावर ठेवलं होतं.

 काकूनं माझ्याकडे पाहिलं. "मन्हं घर सांगाले तुले लाज वाटनी का वं?"

मी फोन बंद केला. त्या गेटाचा, त्या कंपनीचा राग अजून आहेच, तो मी सोडणार नाही. 

पण त्याच दिवशी मी पत्ता बदलून पाठवला. घर नंबर, गल्ली, काकूचा ओटा, सगळं लिहिलं. 'तपासणी सुरू आहे' एवढंच मोबाइल रोज सांगतो. तोवर काकूची पिशवी मी पलीकडून आणून देते. ती दारातच पिशवी घेते. पूर्वी 'बैस' म्हणायची, आता म्हणत नाही.